बँड ६ आला, म्हणून बीएड कर?

वाडीतल्या एका पोरीला मानवशास्त्र शिकायला विलायतेला जायचंय. त्यासाठी दिलेल्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आज आला आणि दुपारपर्यंत लोकांनी तिचं मानवशास्त्र गुंडाळूनही टाकलं. "मराठी शाळेतली ती, तिला विलायत कशाला? बीएड कर म्हणावं." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

या परीक्षेत गुणांना बँड म्हणतात. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६. सरासरी ६.८७५, ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात, म्हणून एकूण ७. सकाळी पेढेही वाटून झाले. मग कुणीतरी विद्यापीठाचं ऑफर लेटर नीट वाचलं: एकूण ७, आणि प्रत्येक विभागात किमान ६.५. याच दुसऱ्या अटीवर आपली पोरं आपटतात. क्लासच्या जाहिरातीत फक्त एकूण बँड छापलेला असतो ना!

रायटिंगमध्येच का? एका तासात दोन लेख. पहिला आलेखाचं वर्णन, किमान १५० शब्द. दुसरा निबंध, किमान २५०, आणि त्याला दुप्पट वजन. पोरं आलेखातला आकडा न् आकडा उतरवण्यात अर्धा तास घालवतात. तिथे मुख्य कल दोन वाक्यांत सांगायचा, निवडक आकडे द्यायचे, स्वतःचं मत अजिबात नाही, आणि वीस मिनिटांत पुढे सरकायचं. निबंधात 'कितपत सहमत आहात' असं विचारलेलं असताना दोन्ही बाजू मांडून मत न देताच मोकळे होतात. वर क्लासने घोकून घेतलेली सुरुवात. ती परीक्षकाला पहिल्या ओळीत कळते. पाठांतर करून घ्यायचे पैसे घेतात हे लोक!

असो. परीक्षा संगणकावर दिली असेल तर एकच विभाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांत. पण फी भरण्याआधी विद्यापीठाला ईमेल करा, सगळीकडे तो निकाल धरत नाहीत. त्याच ईमेलात बारावीच्या इंग्रजीचे गुण, किंवा पदवी इंग्रजीतून झाल्याचं कॉलेजचं पत्र चालेल का, तेही विचारा. काही ठिकाणी चालतं. वर्ग सुरू होण्याआधीचा इंग्रजीचा प्रीसेशनल कोर्सही असतो, पण महाग. आणि नव्याने नोंदणी करणाऱ्यांनो, परीक्षेचा अकॅडमिक प्रकारच निवडा, जनरल नव्हे. निकाल दोनच वर्षं धरतात.

मान्य, इंग्रजी लागतंच. तिथे ढीगभर वाचायचं असतं आणि गुण निबंधांवर मिळतात.

पण रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायच्या मासेमारीला, जाळं कुणाचं, ओढायला कोण येतं, वाटा कसा पडतो, हे याच पोरीने घरोघर बसून मालवणीत विचारून वहीत उतरवलंय. बाहेरच्या संशोधकाला त्यासाठी दुभाषी लागेल. आपल्याच मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन या मानवशास्त्रज्ञांकडे शिकले, १९२२मध्ये पीएचडी झाले. बीएडचा सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक तरी आहे का?

पोरी, त्यांचं ऐकू नकोस. ईमेल आज रात्रीच टाक. ते ६० दिवस परीक्षेच्या तारखेपासून मोजतात, निकालाच्या नव्हे.