पिकवणाऱ्याला रेशन कशाला?

कोथरूडच्या आमच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच वाद पेटला: शेतकऱ्याला फुकट रेशन कशाला? पिकवणाऱ्याच्या घरात धान्याची ददात असेलच कशी? जर्मनीत बसून हे वाचताना मला सासवडच्या पलीकडे राहणारी माझी मामी दिसत होती.

मामीची तीन एकर, बरीचशी जिरायत. लहानपणी तिच्या माजघरात शेणाने सारवलेली कणगी पाहिली आहे, गळ्यापर्यंत शाळू भरलेली. भाकरी माणसांना, कडबा गुरांना. आता त्या रानात सीताफळ आहे. पैसा येतो, पण हंगामात एकदाच, आणि औषधं-खतांची उधारी फेडून उरेल तेवढाच. जून-जुलैत घरात दाणा नाही नि हातात रोकड नाही. मग ज्वारी वाण्याकडून, तीही मापून. मामी सगळ्यांच्या मागून जेवते. कालवण संपलं असेल तर चटणी-भाकरी. राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं, त्याचं मला नवल वाटलं नाही.

इथला शेतकरीही ब्रेड दुकानातूनच आणतो. पण पीक बुडालं तरी युरोपीय संघाचं हेक्टरी अनुदान त्याच्या खात्यात जमा होतं, आणि त्यासाठी कुणी त्याला ऐतखाऊ म्हणत नाही. उलट इथे शहरातल्या गरीब म्हाताऱ्यांना ‘टाफेल’च्या दारात रांग लावावी लागते, दुकानांचं उरलंसुरलं तिथे वाटतात, तेही जेवढं येईल तेवढंच. आपल्याकडे २०१३ पासून धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो काढून घ्या म्हणणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. माणशी महिन्याला पाच किलो मिळतात, पण मामीच्या पिशवीत बहुतेक वेळा गहू नि तांदूळच पडतात. त्याच कायद्यात भरड धान्यही आहे. मग तालुक्यातली ज्वारी हमीभावाने घेऊन तालुक्यातल्याच दुकानांतून का वाटत नाहीत? तसं झालं तर ती पेरायला कुणाला तरी हुरूप येईल.

मामीने यंदा बांधालगत दहा गुंठे शाळू केला होता. फोनवर म्हणाली, “अरे, साऱ्या शिवारात आपलाच एकट्याचा. गावची सगळी पाखरं त्यावरच उतरतात. राखण कुणी करायची?”