प्रिंटरचं एक्स्टेन्शन, कनेक्शन एरर आणि गेलेली उधारी : अ‍ॅपच्या मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या दुकानासाठीच्या बिलं-उधारीच्या अ‍ॅपला तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की काउंटरच्या टॅबवर आठवडाभर ‘कनेक्शन एरर’ येतोय, यूट्यूब मात्र छान चालतं. प्रिंटरचं नवं एक्स्टेन्शन, म्हणजे पावती छापायचं जोड-अ‍ॅप, इन्स्टॉलच होत नाही. आमच्या माणसाने सांगितलं म्हणून सगळं काढून परत टाकलंत, तर दोन दिवसांची उधारी गेली. तुमचा शब्दन् शब्द खरा आहे. टॅबवरून आलेला एरर लॉग, म्हणजे बिघाडांची नोंद, मी स्वतः पाहिला. दोष तुमच्या नेटचा नाही, टॅबचाही नाही, आमचा आहे.

आधी उधारीचं बोलतो. सर्व्हरशी जोडणी तुटली होती, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी फक्त टॅबमध्येच होत्या. अ‍ॅप काढलं की अँड्रॉइड त्याच्यासोबत त्याचा डेटाही पुसतो. त्या नोंदी परत आणता येणार नाहीत, खोटी आशा दाखवत नाही. ऐन गौरी-गणपतीच्या गर्दीत कोणाकडे किती राहिले ते आठवून लिहायची वेळ आम्ही तुमच्यावर आणली, याची मनापासून माफी मागतो. ‘काढून परत टाका’ असं सांगण्याआधी किती नोंदी सर्व्हरवर चढायच्या बाकी आहेत हे विचारायला हवं होतं. आता अ‍ॅपमध्ये सगळ्यात वर तो आकडा लाल रंगात दिसतो, आणि तो शून्य झाल्याशिवाय आमचा कोणीही माणूस अ‍ॅप काढायला सांगणार नाही.

मग यूट्यूब चालत असताना आमचंच अ‍ॅप का अडलं? प्रत्येक सर्व्हर टॅबला आपलं ओळखपत्र दाखवतो, म्हणजे सर्टिफिकेट. कोणाचा शिक्का खरा मानायचा याची यादी टॅबमध्येच असते. तुमच्या टॅबवर अँड्रॉइड ७.० आहे. आम्ही नव्या सर्व्हरवर गेलो तेव्हा लेट्स एनक्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट घेतलं. त्यांचा मूळ शिक्का अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या यादीत आहे, त्याआधीच्या नाही. जुन्या यादीतल्या दुसऱ्या एका शिक्क्याचा त्याला जो आधार होता, तो ३० सप्टेंबर २०२४ ला संपला. हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. वाचायचं काम आमचं होतं, ते राहिलं. नव्या आवृत्तीत तो शिक्का आम्ही अ‍ॅपच्या आतच दिला आहे, त्यामुळे तुम्हाला नवा टॅब घ्यायची गरज नाही. (टॅबची तारीख चुकलेली असेल तरीही असाच एरर येतो. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर तारीख एकदा बघून घ्या.)

एक्स्टेन्शनचं कारण वेगळं. तुमच्याकडचं जुनं एक्स्टेन्शन आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल म्हणून पाठवलं होतं. नवं प्ले स्टोअरवर आहे आणि त्यावरची डिजिटल सही वेगळी आहे. नाव तेच, सही वेगळी असं दिसलं की अँड्रॉइड जुन्यावर नवं बसू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर कोणीही आमच्या नावाने बनावट फाइल तुमच्या टॅबमध्ये घुसवू शकला असता.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आमच्या माणसाने तुम्हाला प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक अ‍ॅप पकडणारी गूगलची तपासणी, बंद करायला सांगितलं. कृपा करून ते आजच चालू करा. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत जाऊन ‘अननोन सोर्सेस’ही, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची मुभा, बंद करा. लग्नपत्रिका म्हणून, वाहनाचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल, पाठवून लोकांची खाती रिकामी केली जातात, आणि तुमच्या त्याच टॅबवर यूपीआयचे पैसे येतात. यापुढे आम्ही कोणालाही फाइल पाठवणार नाही.

आता करायचं एवढंच. मुख्य अ‍ॅप न काढता प्ले स्टोअरवरून अपडेट करा. वरचा लाल आकडा शून्य होऊ द्या. मग फक्त जुनं एक्स्टेन्शन काढा, त्यात बिलं किंवा उधारी काहीच नसते. नवं प्ले स्टोअरवरून घ्या आणि ५८ मिमीचा प्रिंटर ब्लूटूथला पुन्हा जोडा. पिन बहुतेक ०००० किंवा १२३४ असतो. दुकानातल्या दुसऱ्या फोनवर अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल, तर तिथे ‘जवळपासच्या डिव्हाइस’ची परवानगीही द्यावी लागेल, नाहीतर प्रिंटर दिसणारच नाही.

या वर्षाचे पूर्ण पैसे तुम्ही भरले त्याच खात्यावर परत करतोय. अ‍ॅप सुरूच राहील. तरीही दुसरीकडे जायचं असेल तर अख्खी खतावणी एक्सेलमध्ये काढून देतो. उद्या दुपारी २ ते ४ मध्ये, दुकानात गर्दी कमी असताना, मी स्वतः फोन करतो. टॅब आणि प्रिंटर दोन्ही चार्ज करून ठेवा. पावती निघेपर्यंत मी फोनवर थांबेन.