आमच्या बहिणीला विचारा

आत्याच्या थोरल्या मुलाला घरात सगळेच दादा म्हणतात. जुलै २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, त्याच आठवड्यात वहिनीच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "देवदूत म्हणवून घ्यायचं आणि वर संप करायचा. सेवा हे व्रत असतं. आमच्या बहिणीला विचारा. इंग्लंडात कोविडमध्ये एक दिवस घरी बसली नाही. तिकडे असले लाड चालत नाहीत." खाली सतरा अंगठे.

ती बहीण म्हणजे मी. मिरजेत शिकले, लग्नानंतर इकडे आले, एकोणीस वर्षं लिव्हरपूलला आयसीयूत आहे. मला कुणीही विचारलेलं नाही, हे आधी नोंदवते.

विचारलं असतं तर पहिली गोष्ट ही सांगितली असती की असले लाड इकडे चालतात. १५ डिसेंबर २०२२ ला आरसीएनने, म्हणजे आमच्या परिचारिकांच्या संघटनेने, संप केला. १९१६ पासूनची ही संघटना, पण इंग्लंडात संप करायची तिची ती पहिलीच वेळ. गेटवर लोकरी टोप्या घालून बायका उभ्या, बस ड्रायव्हर हॉर्न वाजवत जातायत, एक म्हातारा सॉसेज रोलची पिशवी ठेवून गेला. मी त्यात होते. त्या दिवशी माझा ऑफ होता आणि आयसीयूला संपातून वगळलंच होतं, त्यामुळे पगार कापला जाण्याचाही प्रश्न नव्हता. तरी फोटो काढला. ग्रुपवर मात्र टाकला नाही. तेव्हाच टाकला असता तर दादाचं वाक्य निदान थोडं वेगळं झालं असतं.

त्या संपाच्या मुळाशी टाळ्या होत्या. आपल्याकडे २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, मग ३ मेला हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. इथल्या मराठी मंडळींनी त्यावर यथेच्छ विनोद केले, मीही केले. आणि इथे? २६ मार्चपासून दर गुरुवारी रात्री आठ वाजता दारोदारी टाळ्या, दहा आठवडे. आमच्या गल्लीत समोरची बाई पातेल्यावर उलथनं बडवायची. पुढल्या मार्चमध्ये सरकारने इंग्लंडातल्या परिचारिकांसाठी एक टक्का पगारवाढ सुचवली. आरडाओरड झाल्यावर तीन केली. आमची चार्ज नर्स त्या दिवशी टी-रूममध्ये म्हणाली, टेस्कोच्या काउंटरवर टाळ्या वाजवून बघते, दूध देतात का. म्हणजे थाळी आणि पातेलं यांत धातूचाही फरक नव्हता.

पण दादाला हे पटणार नाही. त्याला फरक हवा आहे. तिकडचं सगळं शिस्तीचं आणि आपल्याकडचं सगळं बोगस, असं म्हटलं की त्याला बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर एकोणीस वर्षं हे त्याला मीच पुरवलंय. सुट्टीवर आले की सोफ्यावर बसून मी काय सांगायची? आमच्याकडे व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स. एकाला एक! वहिनी डोळे मोठे करायची. मिरजेत शिकत असताना नाईटला अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी, आणि त्यातली एक विद्यार्थिनी.

जानेवारी २०२१ मध्ये आमचं ते एकाला एक कुठे गेलं, हे सोफ्यावर कधी आलं नाही. कागदावर मार्च २०२० मध्येच सूट मिळाली होती: आयसीयूची एक प्रशिक्षित नर्स सहा पेशंटपर्यंत बघेल, हाताखाली बाकीचे. बाकीचे म्हणजे दातांच्या विभागातून आलेली मुलगी आणि फिजिओथेरपिस्ट. त्या महिन्यात माझ्याकडे एका वेळी तीन असायचे, एका रात्री चार. श्वास सुधारावा म्हणून पेशंटला पालथं घालायला आमच्याकडे प्रत्येकाला सात माणसं लागायची. एकाने डोकं आणि नळी धरायची, त्यानेच आकडे मोजायचे, तीन म्हटलं की सगळ्यांनी वळवायचं. सगळ्यांच्या एप्रनवर मार्करने नावं, कारण मास्कआड कोण कोण आहे हे कळायचं नाही. एकदा वळवून झाल्यावर पेशंटच्या गालाखाली उशी सरकवताना माझ्या लक्षात आलं की या माणसाचं तोंड मी अजून धुतलेलं नाही. सकाळपासून नाही. औषधं वेळेवर गेली, सगळे आकडे वहीत चढले, पण तोंड राहिलं. मिरजेला पहिल्या वर्षी मेट्रननी शिकवलेली पहिली गोष्ट होती ती. औषध डॉक्टरही देईल, तोंड तुम्ही धुवायचं.

रुग्णसेवेवर साथीचा परिणाम काय झाला म्हणून इथे चौकशी आयोग बसलाय. शेकडो तास साक्षी झाल्या, मीही काही ऐकल्या. माझी साक्ष एवढीच असती, की तोंड राहिलं.

आणि माणसं गेली. ब्रिटनमध्ये कोविडने गेलेल्या पहिल्या दहा डॉक्टरांची नावं जाहीर झाली तेव्हा दहाही जण बाहेरच्या मुळांचे निघाले, आशियाई, अरब, आफ्रिकी. आमच्या टी-रूममध्ये ती यादी कुणी मोठ्याने वाचली नाही. फिलिपिनो मैत्रिणी आपापसांत मोबाइल फिरवत होत्या. रोटा, म्हणजे ड्यूट्या, लावणारी बाई वाईट नव्हती, पण 'मी करते' असं लवकर कोण म्हणतं हे तिला ठाऊक होतं. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत इंडियन मेडिकल असोसिएशनने सातशेहून जास्त डॉक्टर गेल्याचं मोजलं. नर्स, वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांची अशी यादी कुणी वाचून दाखवलेली मला आठवत नाही.

दादा दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा फोटो टाकतो. या वादातही टाकला, 'ही खरी सेवा' म्हणून. १८९७ च्या प्लेगात त्यांच्या दत्तक मुलाने, यशवंतरावांनी, पुण्याबाहेर दवाखाना घातला, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घालून तिथे आणलं, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. हे मला दादाइतकंच पाठ आहे. त्याच १८९७ सालचा साथरोगांचा कायदा एप्रिल २०२० मध्ये दुरुस्त करावा लागला, तो डॉक्टर-नर्सवर हात उचलणं अजामीनपात्र गुन्हा ठरावा म्हणून. दादा हे टाकत नाही. मेलेली सेविका त्याला चालते. महिनाअखेर पगाराची स्लिप मागणारी चालत नाही. आशांचंही, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांचंही, तेच. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा हाच ग्रुप, हेच अंगठे. पुढल्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला तर ग्रुपवर तिरंगा.

थोडं चिडून लिहितेय, कळतंय मला. इथेही चिडते. एप्रिल २०२१ मध्ये टी-रूममध्ये एकाने हरिद्वारच्या कुंभमेळ्याचा व्हिडिओ लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी म्हटलं, ११ मार्च २०२० ला आपल्या ॲनफिल्डच्या मैदानावर कोण होतं? माद्रिदमध्ये सगळं बंद व्हायला लागलेलं असताना तिथून तीनेक हजार लोक फुटबॉलची मॅच बघायला इथे आले होते, आणि तू त्या स्टँडमध्ये होतास. तो गप्प बसला. मला फार बरं वाटलं. दादासमोर मी इंग्लंडची वकील, या माणसासमोर भारताची, आणि दोन्हीकडे पुरावे सोयीचे तेवढेच काढते.

आता ते 'एक दिवस घरी बसली नाही.' बसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा आठवडे बसले. एका सकाळी गाडी कार पार्कमध्ये लावली आणि उतरताच येईना. पाऊणएक तास स्टिअरिंग धरून बसले, मग घरी परत. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखला दिला, पूर्ण पगार चालू राहिला, फोनवर एक बाई दर मंगळवारी माझ्याशी बोलायची. मिरजेला मी आईला सांगितलं, कंबर धरलीय.

त्या सहा आठवड्यांनंतर कामावर गेले आणि १७ एप्रिलला अण्णांना, माझ्या वडिलांना, मिरजेत कोविडने ॲडमिट केलं. ऑक्सिजन सॅच्युरेशन ८४, छातीच्या स्कॅनचा स्कोअर १८. त्या दिवसांत फोन उचलला की लोक नाव विचारायच्या आधी स्कोअर विचारायचे. १९ तारखेला जाहीर झालं की २३ पासून भारत रेड लिस्टवर, म्हणजे तिथून ब्रिटनला परतणाऱ्याला दहा दिवस हॉटेलात विलगीकरण. २१ ला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त पेशंट गेले, मी बातम्यांत पांढरा धूर बघत होते आणि अण्णा मिरजेत तशाच पाइपच्या एका टोकाला. २६ ला पहाटे ते गेले.

सगळ्यांना सांगितलं, रेड लिस्टमुळे येता आलं नाही. दादानेच ते पुढे सांगितलं, कौतुकाने, की तिकडे ड्यूटी सोडता येत नाही, तिने काळजावर दगड ठेवला. पण १७ ते २३ मध्ये दिवस होते. विमानं होती. आणि ड्यूटी म्हणाल तर आमची लाट जानेवारीत आली नि गेली. १२ एप्रिलला इथे पबच्या अंगणात लोक कोट घालून बिअर पीत बसले होते, आमच्या युनिटमध्ये बेड रिकामे होते. मॅनेजर स्वतःहून म्हणाली, जा, लव्ह. मी तिकीट उघडून ठेवलं होतं लॅपटॉपवर. मला पुन्हा त्या अलार्मच्या आवाजात जायचं नव्हतं. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

अण्णांजवळ जी सिस्टर होती ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिने स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला. कॅमेऱ्यावर वाफ होती. जानेवारीत मी जो आयपॅड प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोकांसमोर धरायचे, तो कसा धरायचा, म्हणजे घरच्यांना चेहरा दिसेल आणि नळ्या दिसणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि ही पोरगी मोबाइल चुकीचा धरत होती. मी तिला म्हटलं, जरा डावीकडे घे. वडील जात असताना मी तिला फोन कसा धरायचा ते शिकवत होते. तिने घेतला डावीकडे. मग तिने, न सांगता, ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. शेजारी किती पेशंट आहेत, मी विचारलं. ती म्हणाली, ताई, माझ्याकडे बावीस.

महिन्याभराने आभार मानायला फोन केला तेव्हा कळलं, ती तीन महिन्यांच्या करारावर होती. सतरा हजार, तेही दोन महिने थकलेले. लाट ओसरली, करार संपला, 'गरज लागली तर बोलावू' म्हणून घरी पाठवलं. आजारी पडली असती तर रजा नव्हती. माझ्या सहा आठवड्यांची कुणी फुशारकी मारत नाही, कारण मी ते कुणाला सांगितलेलेच नाहीत, पण इंग्लंडने मला जे दिलं ते तेच. टाळ्या तिलाही मिळाल्या होत्या.

जुलैतला संप कंत्राटाविरुद्धच होता, दादा.

हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं होतं, बऱ्यापैकी असंच. मग वहिनीच्या आईचं आठवलं. त्या वेदनेत होत्या, तारीख मिळत नव्हती, आणि मी जवळजवळ पाच हजार मैलांवरून त्यांना संपाचं समर्थन पाठवणार होते. दादाने अण्णांना खांदा दिला, पीपीई घालून, चार माणसांत एक तो होता. मी पुसून टाकलं. 'ऑपरेशनची तारीख मिळाली का?' एवढंच पाठवलं. त्याने हात जोडलेले पाठवले.

त्याच आठवड्यात सिस्टरचा मेसेज आला. माझ्या फोनमध्ये ती अजून 'सिस्टर अण्णा' म्हणूनच आहे. आता सांगलीच्या एका खासगी रुग्णालयात असते, लग्न झालंय. 'ताई, आयईएलटीएस करू की ओईटी? तिकडे यावं का? खरं सांगा.'

दोन प्रश्न होते. पहिला, इंग्रजीच्या कुठल्या परीक्षेला बसायचं याचा. दुसऱ्यावर दोन दिवस घालवले. मग लिहिलं, ओईटी कर, त्यातले प्रसंग आपल्याच कामाचे असतात. वाचन, ऐकणं, बोलणं यांत बी लागतो, लेखनात सी प्लस चालतो.

तिने विचारलं, आणि दुसरं?