यादी करा, वाचन आपोआप टळेल

एप्रिलअखेरीस मुलाची परीक्षा संपली की घरात एकदम शांतता पसरते आणि मग तुमच्या लक्षात येतं, आता जूनच्या मध्यापर्यंत हे पोर आपल्याच गळ्यात. त्यातही पाचवी ते आठवीचं पोर म्हणजे अवघड जिन्नस. त्याला गोष्ट सांगून झोपवता येत नाही आणि एकट्याला लोकलने शिवाजी पार्कला धाडवत नाही. सोसायटीच्या आवारातली 'येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी तर तुम्हीच गेल्या सभेत हात वर करून मंजूर केलीत. उरतं काय, तर वाचन. घाबरू नका. मन लावून प्रयत्न केलेत तर तेही होणार नाही.

सुरुवात यादीपासून करा. ती मुलाला विचारून करायची नसते. आपल्याला काय आवडतं हे सहावीतल्या मुलाला कुठून कळणार? वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'समर रीडिंगसाठी सजेशन्स प्लीज' एवढं टाका आणि आंबा चिरायला बसा. बाठ चोखून होईस्तोवर वीसेक मेसेज आलेले असतात. निम्मे 'मलाही पाठवा', एक न उघडणारी पीडीएफ, दोन सुप्रभात, आणि एक खरा महत्त्वाचा: 'आमच्याने हे सगळं तिसरीतच संपवलं.' तुमची यादी म्हणजे आता या मेसेजला द्यायचं उत्तर आहे. तेव्हा मुलाच्या इयत्तेपेक्षा दोन-तीन इयत्ता पुढची जाडजूड पुस्तकं घ्या. न कळणारं पुस्तक हातात असलं की मूल हुशार दिसतं, शिवाय ते महिनाभर पुरतं.

एक चरित्र घाला, एक पहाटे उठून यशस्वी होण्याबद्दलचं घाला, आणि एक मराठी. हे मराठी पुस्तक मुलासाठी नसतं, आजीसाठी असतं. इंग्रजी शाळेत घातल्याची जी टोचणी वर्षभर मनात असते, ती मे महिन्यात दोनशे रुपयांत भागते. संध्याकाळी दिवेलागणीला मुलाला आजीपुढे बसवून मोठ्याने वाचायला लावा आणि दर ओळीला 'ळ म्हण, ळ! ल नाही!' असं थांबवत राहा. 'पान एकोणऐंशी काढ' म्हटल्यावर ते 'म्हणजे सिक्स्टी नाइन?' असं विचारील. गोष्ट तिथेच सोडा आणि अंक घोटून घ्या. गोष्टीतला पोरगा विहिरीत लोंबकळत राहिला तरी चालेल, त्याला घाई नाही.

बहुतेक घरांत हे मराठी पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत जवळजवळ सगळं लिहून काढलं. आमच्या घरात ते वाचायला घेतलंय, त्याला आता तिसरी पिढी चालू आहे. मी स्वतः चौथ्या रात्रीपर्यंत पोचलोय. मुलापुढे डोळे पुसत 'काय पुस्तक आहे रे!' म्हणायला तेवढं पुरतं.

खरेदीला दादरला जा, आणि मेगाब्लॉकचा रविवार गाठूनच जा. दुकानात शिरेपर्यंत मूल घामाने इतकं भिजलेलं असलं पाहिजे की पुस्तक म्हटलं की त्याला जन्मभर दादरचा पूल आठवावा. गेल्या मे महिन्यात अशाच एका दुकानात मी बिलासाठी उभा होतो. दोन कपाटांच्या मधल्या बोळात अकरा-बारा वर्षांची एक मुलगी उकिडवी बसली होती. एक चप्पल पायातून निसटून पडलेली, वेणीचं टोक दातात, मांडीवर भुताच्या गोष्टींचं स्वस्तातलं पुस्तक. पंखा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. आई वर उभी राहून मोबाइलमधली यादी दुकानदाराला वाचून दाखवत होती. सहा पुस्तकं झाली. 'हे पण,' मुलगी मान वर न करता म्हणाली. 'ते नको गं, रात्री घाबरशील. आणि त्यातून शिकणार काय?' मुलीने हुज्जत घातली नाही. कार्ड मशिनला रेंज मिळेपर्यंत तिने आणखी चार पानं उरकली, मग पुस्तक अगदी होतं तिथे उभं करून ठेवलं आणि चप्पल शोधायला लागली. सहाच्या सहा पुस्तकांची पिशवी तिच्याच हातात दिली गेली. पालकत्व असावं तर असं.

वाचनालयाच्या फंदात मात्र पडू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून उभं आहे, आणखी एक उन्हाळा तुमच्यावाचून काढील. वाचनालयात एक मोठी खोट असते: पुस्तक आवडलं नाही तर परत करता येतं. एकदा ही सवय लागली की मूल पाचवं पान उलटून 'बोअर आहे' म्हणून दुसरं मागतं. विकतच्या पुस्तकाला ही पळवाट नाही. 'साडेतीनशे मोजलेत, संपव' हे वाक्य वाचनालयाच्या पुस्तकाला लावून बघा, लागत नाही. 'किशोर'पासूनही सांभाळा. बालभारती हे मासिक 1971 पासून काढते आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट ठेवते. फुकटच्या पुस्तकांचा गठ्ठा बाल्कनीतल्या तुळशीपाशी रचून स्टेटसला काय टाकणार?

वेळ दुपारी दोन ते तीन. तुम्ही समोर बसा. हातात फोन असला तरी हरकत नाही, तुमचं वाचायचं वय गेलं.

प्रत्येक पुस्तकावर शाळेचा प्रकल्प असतो: सारांश, आवडलेलं पात्र, 'मला काय शिकायला मिळाले', शिवाय नवं मुखपृष्ठ. तो शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करावा आणि अर्थात आपणच करावा. डाव्या हाताने लिहिलं की अक्षर सहावीतलं वाटतं, हा माझा अनुभव. मी 'जिद्द व चिकाटी यांचा अंगीकार' असं लिहून बसलो होतो. मग अंगीकार खोडला. रात्रीचे साडेअकरा झाले होते, बायको चार्ट पेपरला फेविकॉल लावत होती आणि ज्याचा प्रकल्प तो पाऊण तास बाथरूममध्ये होता. दाराखालून उजेड येत होता, पाण्याचा आवाज नव्हता. अशा वेळी दार जोरात वाजवावं. मी वाजवलं. आत धडपड झाली, उगाच फ्लश ओढला गेला आणि साहेब बाहेर आले. टीशर्टाखाली काहीतरी चौकोनी. फाटकं मुखपृष्ठ गळ्यातून डोकावत होतं. खालच्या मजल्यावरच्या पोराकडून आलेलं, यादीत नसलेलं.

'पोट दुखतंय का रे?'

'हो.'

'किती राहिलंय?'

'वीस पानं.'