वेळ संपली, मॅडम

फेब्रुवारी लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रोशरांचा पाऊस सुरू होतो. 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद.' मार्च एंडच्या आत पैसे खर्ची टाकायचे असतात, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत फोटो लागतात, म्हणून सगळ्या कॉलेजांना एकाच महिन्यात ज्ञानाची उबळ येते. आणि आम्ही पीएचडीवाले पाठीला सॅक लावून या स्टँडवरून त्या स्टँडवर.

यंदा मी दोन घेतल्या. शनिवारी विदर्भातलं एक तालुक्याचं गाव, सोमवारी लातूरकडे. गाइड म्हणाले, "मधे रविवार आहेच की." आहे ना सर. रविवार आहे, शिवाय वाशीम आहे, हिंगोली आहे, नांदेड आहे.

शुक्रवारी दुपारी कोल्हापुरातून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. ही गाडी गोंदियापर्यंत तेराशे किलोमीटरहून जास्त धावते आणि राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. तिकीट आरएसी. म्हणजे अर्धा बाक माझा, अर्धा एका काकांचा, आणि मधे काकांची लोणच्याची बरणी. दौंडपर्यंत मी बसून, मनमाडपर्यंत काका बसून, पुढे दोघंही बसून. सकाळी अकोल्याला उतरले, तोंड धुतलं, एसटी पकडली. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, नाहीतर माझं संशोधन मिरजेच्या पुढे गेलंच नसतं.

नोंदणी साडेनऊची. मी पोचले साडेअकराला. घामाघूम, चोरासारखी मागच्या दारानं आत शिरले, तर अजून समईसुद्धा पेटली नव्हती! प्रमुख पाहुणे वाटेत होते. बाराला ते आले. मग ईशस्तवन, मग स्वागतगीत, मग समई. वर पंखा गरगर फिरतोय आणि खाली पाच मान्यवर एकेक काडी ओढतायत. चौथी काडी विझली तेव्हा एका शिपायाला सुचलं की पंखा बंद करावा. अख्ख्या परिषदेत डोकं चालवलेलं तेवढंच बघितलं मी. मग पाहुण्यांचा परिचय, रोप देऊन सत्कार, पुस्तकाचं प्रकाशन, प्राचार्यांचं प्रास्ताविक आणि त्या प्रास्ताविकात संस्थेचा १९७०च्या दशकापासूनचा इतिहास. नेपाळहून एक सर झूमवर आले, म्यूटवरच बोलले, टाळ्या पडल्या. झाली परिषद आंतरराष्ट्रीय.

हे असं का, तेही ऐका. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, तिच्या २०१८च्या नियमांत प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणांचा एक तक्ता आहे. पेपर वाचला की राज्य पातळीवर २ गुण, राष्ट्रीयला ३, देशातल्याच आंतरराष्ट्रीयला ५. मग राज्यस्तरीय परिषद ठेवून कोण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल? पूर्वी प्रबंध द्यायच्या आधी दोन परिषदा आणि एक छापील पेपर बंधनकारक होता. ती सक्ती २०२२ मध्ये निघाली. मी सरांना मोठ्या आनंदानं सांगायला गेले, तर सर म्हणाले, "अट गेली, इंटरव्ह्यू कुठं गेलाय?"

नोंदणी फी १,५०० रुपये. पेपर पुस्तकात हवा असेल तर वर १,२०० आणि पुस्तकाची प्रत हवी असेल तर आणखी ४००. माझाच पेपर, माझेच पैसे, मलाच विकत! प्रवास खर्च फक्त पाहुण्यांना. घरच्यांना वाटतं पीएचडी करते म्हणजे महिन्याला ३७,००० येत असतील. ते जेआरएफवाल्यांना, म्हणजे सरकारी संशोधनवृत्ती मिळालेल्यांना. माझं नुसतं नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता तेवढी. मी तासिका तत्त्वावर शिकवते, तास घेतला तर पैसे. या दोन परिषदांत नऊ तास बुडाले.

आता मुख्य दुखणं. जेवणानंतर समांतर सत्रं. आमचं सत्र रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. बाकांवर ब्युरेट, कोपऱ्यात गळका नळ, श्रोते म्हणजे पुढचा नंबर असलेले अकरा जण, प्रत्येकजण मनातल्या मनात आपलाच पेपर घोकतोय. माझा विषय: २०१९च्या पुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या शेतमजूर बायकांवरचं कर्ज. ६३ बायकांशी बोललेय मी. भांगलण करून आलेल्या, चुलीवर भाकरी टाकता टाकता बोलणाऱ्या. एकीनं बचत गटाचं पासबुक दाखवलं, पुराच्या पाण्यानं पानं एकमेकांना चिकटलेली, तिनं ती विळ्याच्या टोकानं एकेक सोडवली आणि हप्ता वाचून दाखवला. हे सगळं सांगायला पाच मिनिटं. बरं, पाचही चालतील. मी पासबुकापर्यंत आले आणि घंटी वाजली. तीनच मिनिटं झाली होती! अध्यक्ष मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "वेळ संपली, मॅडम. जलव्यवस्थापनावर छान मांडणी. पुढचा पेपर."

जलव्यवस्थापन?

प्रास्ताविकाला पन्नास मिनिटं आणि त्या बाईच्या पासबुकाला मिनिटभरसुद्धा नाही. ती मला तीन संध्याकाळी वेळ देऊन बसली होती हो. तिच्यावर कुणी घंटी वाजवली नव्हती.

आणि निघताही येत नाही. सर्टिफिकेट आभार प्रदर्शनानंतर, फीडबॅक फॉर्म भरल्यावर. आधी दिलं तर सभागृह ओस पडेल हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे. आभार पाऊण तास चालले. मंडपवाल्यापासून ढगांपर्यंत सगळ्यांचे मानले, पाऊस आला नाही म्हणून. माझी शेवटची एसटी गेली, रात्र ७०० रुपयांच्या लॉजवर. रविवारभर पाच स्टँड पालथे घातले.

लातूरकडच्या परिषदेचं काही सांगत नाही. जेवण चांगलं होतं.

घरी येऊन फाइल उघडली तर विदर्भाच्या सर्टिफिकेटवर माझ्या नावापुढे 'श्री.' आणि पेपरचं शीर्षक दुसऱ्याच कुणाचं, सोयाबीनवरच्या किडीचं. संयोजकांना फोन लावला. म्हणाले, "करून देऊ की मॅडम, त्यात काय! फक्त ओरिजिनल घेऊन समक्ष या."