लेकरू अंग धरंना, म्हणण्याआधी

माझ्या भावाची मुलगी तीन महिन्यांची झाली आणि बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या घरात वाद सुरू झाला. जन्मली तेव्हा २.४ किलो, आता ४.८. मावशी म्हणते, "लेकरू अंगच धरंना. आईचं दूध पुरंना, वरचं चालू करा." समोरच्या घरातलं त्याच वयाचं पोरगं सात किलोचं, म्हणून ही सगळ्यांना बारीक दिसते. आईनं सहाण आणि गुटीचं सामान काढून ठेवलं, भाऊ मेडिकलवरून पावडरचा डबा आणायला निघाला आणि वहिनीनं मला फोन लावला, "ताई, तुमचं तरी ऐकतील. सांगा त्यांना."

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते. माझी दोन्ही बाळंतपणं इथंच झाली, त्यामुळं घरच्यांना वाटतं की माझं मत म्हणजे तिकडचं मत. तसं नाही. दोन्हीकडचं काही मला मनापासून पटतं, काही अजिबात पटत नाही. आणि सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की ज्यावर भांडायला पाहिजे ते आपल्या भांडणात येतच नाही.

आधी वजनाचं. २.४ चे ४.८ म्हणजे तीन महिन्यांत दुप्पट. बहुतेक बाळांना दुप्पट व्हायला पाचवा महिना लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ५.८ किलो आहे, ही पोर त्याच्या खालीच आहे. पण जन्मली तेव्हा ती अगदी तळाच्या रेषेवर होती आणि आता त्या रेषेच्या वर सरकली आहे. लेकरू वाढतंय, चांगलं वाढतंय. एका दिवसाचा आकडा घेऊन शेजारच्या पोराशी तुलना केली तर काहीच कळत नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, कधी दहा टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत ते भरून निघतं. मग तीन महिने रोज साधारण २५-३० ग्रॅम वाढ होते. पुढं तो वेग आपोआप मंदावतो आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, "आधी बरं होतं, आता सुकलं."

दूध पुरत नाही हा निष्कर्ष तर आपल्याकडं रडण्यावरून काढतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं रडणं सगळ्यात जास्त असतं, दिवे लागायच्या वेळेला तर खासच. दूध भरपूर असलेल्या आईचं बाळही तसंच रडतं. बघायचं ते दुसरंच. दिवसभरात सहा किंवा त्याहून जास्त वेळा शू होते का, अंगावर पिताना घोट गिळल्याचा आवाज येतो का, आणि वजनाची रेष वर जाते का. वहिनीच्या बाबतीत तिन्ही गोष्टी ठीक आहेत. त्या घरात डबा आला की बाळ अंगावर कमी पिणार, कमी प्यालं की दूध कमी उतरणार, आणि महिन्याभरात मावशीचं म्हणणं खरं ठरणार. शिवाय पावडर कालवायची कशात? २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आमच्या शेजारचं. आमच्याकडंही उन्हाळ्यात टँकरचं पाणी साठवून पुरवून वापरतात. त्या पाण्यात बाटली धुवायची, त्यातच दूध कालवायचं, डबा महाग म्हणून चमचा कमी टाकायचा, हे सगळं हगवणीला बोलावणं आहे. ज्या आईला खरंच दूध येत नाही किंवा जिचं औषध चालू आहे, तिची गोष्ट वेगळी. तिनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून डबा वापरावा आणि तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण इथं तसं काही नाही.

गुटीही नको. सहा महिने होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, मेच्या उन्हात पाणीसुद्धा नको, कारण त्या दुधात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मध चाटवणं, डोळ्यांत काजळ, नाकाकानांत तेल, खोली बंद करून शेगडीची धुरी, हेही थांबवा. यावर मी आईशी तडजोड करणार नाही.

तेलानं अंग लावणं मात्र थांबवू नका, उलट रोज लावा. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी आई व्हिसा काढून इथं आली होती, तेव्हा मी ते जवळून पाहिलं. पाय पसरून बसायची, नडग्यांवर बाळाला उताणं घ्यायची, खोबरेल कोमट करून छातीवरून बाहेरच्या बाजूला हात फिरवायची. हाताचा तळवा कधी सुटायचा नाही. आणि तोंड सारखं चालू: "आता हे कुणाचं पाऊल? मामाचं? मामा कुठं गेला?" बाळ तिच्या तोंडाकडं टक लावून बघायचं. नव्या बाळाला २०-३० सेंटिमीटरवरचं बऱ्यापैकी दिसतं, पलीकडचं धूसर, आणि वाकून बोलणाऱ्या आजीचं तोंड तेवढ्याच अंतरावर येतं. सहा-आठ आठवड्यांनी बाळ माणूस ओळखून हसायला लागलं ते तिथंच, तेलाच्या वाटीशेजारी. मग ती त्याला पालथं करून पाठीला तेल लावायची आणि ते धडपडून मान उचलायचं. इथल्या नर्सबाई जागेपणी बाळाला पालथं ठेवा म्हणून कागद देतात. आईनं तो कागद पाहिलाही नव्हता. झोपवताना मात्र उताणंच, हे इथलं बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये १९८७ मध्ये पालथं झोपवण्याविरुद्ध इशारा दिला गेला आणि त्यानंतर झोपेतच दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप घटली.

आता गुबगुबीतपणाबद्दल, कारण मूळ दुखणं तेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ती बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचं सरासरी वजन ३.५ किलो, आपलं २.७. पण तेवढ्यानं आपलं बाळ सगळ्याच बाबतीत कमी निघालं नाही. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. वरून हडकुळं, आतून चरबी धरून ठेवणारं हे शरीर पुढं मधुमेहाकडं झुकतं. अशा बाळाला घाईनं फुगवणं म्हणजे त्याच वाटेला लावणं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बायांच्या पोटात गरोदरपणी दूध, फळं आणि हिरव्या पालेभाज्या जास्त गेल्या, त्यांची बाळं चांगल्या अंगाची निघाली. म्हणजे बघायचं ते आईच्या ताटाकडं, तेही बाळ पोटात असल्यापासून. आमच्याकडं उलट चालतं. गरोदरपणी "जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अवघड जाईल" आणि बाळंतपणानंतर मेथी-शेपू सोडून अर्ध्या भाज्या बंद, फळं थंड म्हणून बंद. भाकरी, वरण, तांदूळजा, चाकवत, शेवग्याचा पाला, दूध, अंडं, यातलं काहीही तिला वर्ज्य नाही. डिंकाचा लाडू द्या, पण तिची भाजी काढून घेऊ नका.

"आपली लेकरं बारीकच असतात" हे दुसऱ्या टोकाचं बोलणंही मला मान्य नाही. नेदरलँड्समध्ये तुर्की, मोरोक्कन आणि हिंदुस्थानी (सुरीनाममधून आलेल्या भारतीय वंशाच्या) मुलांसाठी वाढीचे वेगळे तक्ते आहेत, आणि माझ्या मुलाच्या वेळी नर्सबाईंनी तोही काढून दाखवला. एकट्या बाळाकडं बघताना त्यानं विनाकारण काळजी होत नाही, हे खरं. पण १९९७ ते २००३ मध्ये ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेत जी मोठी पाहणी झाली, तिच्यात चांगलं खायला-प्यायला मिळालेली दक्षिण दिल्लीतली मुलं उंचीला बाकीच्यांच्या बरोबरीनंच वाढली. त्यावरूनच २००६ चे जागतिक तक्ते निघाले. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. तो आकडा रक्तावर ढकलून देता येणार नाही.

मग नेदरलँड्समध्ये काय चांगलं आहे? बाळंतिणीसाठी घरी येणारी बाई. क्रामझोर्ख म्हणतात त्या सेवेला. विम्यातून मिळते, साधारणपणे आठ दिवसांत ४९ तास. सकाळी ही बाई यायची, खिडकी उघडायची (आई लगेच लावायची), बाळाचा ताप बघायची, तोललं की वहीत लिहायची, शू-शी किती वेळा तेही लिहायची, माझे टाके बघायची, बाळाला छातीशी नीट धरवायची आणि मग उभ्या उभ्या माझं जेवण करून बाथरूम धुऊन जायची. आईला डच येत नव्हतं, तिला मराठी. पण चौथ्या दिवशी दोघी ओल्या दुपट्यांचा हिशेब बोटांवर एकमेकींना सांगत होत्या.

आणि नवव्या दिवशी ती बाई गेली. आई नसती तर त्या घरात मी, नवरा आणि बाळ. नवऱ्याला इथं आठवडाभर पूर्ण पगारी आणि २०२० पासून वर पाच आठवडे ७० टक्के पगारावर रजा मिळते, त्याचा मोठा आधार झाला. पण आईची रजा एकूण सोळा आठवडे, बाळंतपणाआधीची धरून. तीन महिन्यांचं बाळ पाळणाघरात जातं. नऊ महिन्यांपर्यंत कामाच्या वेळेत दूध काढायचा कायद्यानं हक्क आहे, म्हणून कित्येक बाया ऑफिसातल्या छोट्या खोलीत पंप लावून बसतात. भारतात २०१७ पासून कायद्यानं २६ आठवडे आहेत, म्हणजे कागदावर आपण पुढं. माहेरी सव्वा महिना, अंग लावणारी आजी, रात्री बाळ घेणारी मावशी हेही आपल्याकडंच. ज्या मावशीशी मी भांडतेय, तिच्यामुळंच वहिनीला दुपारी दोन तास झोप मिळते, हे मी विसरत नाही.

पण ते २६ आठवडे कुणाला? माझ्या वहिनीला, ती शाळेत नोकरीला आहे म्हणून. आमच्या घरापासून पलीकडं केज, धारूर, वडवणीकडं निघालं की दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला गेलेली दिसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ पैशांची उचल घेतलेली, एक दिवस कामाला नाही गेलं तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. त्या बाईचं बाळंतपण हंगामात आलं तर थोड्याच दिवसांत ती उसाच्या फडात असते. बाळ फडाच्या कडेला झोळीत किंवा कोपीत (मजुरांच्या झोपडीत) मोठ्या भावंडाजवळ. तिला अंगावर पाजायला वेळ नाही म्हणून तिचं दूध आटतं. तिच्या लेकरानं अंग धरलं नाही तर त्याला मावशीची गुटीही जबाबदार नाही आणि डॉक्टरही नाही.

त्या बाळापर्यंत पोहोचायची रीत आपल्याकडं नाही असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना तराजू, थर्मामीटर आणि प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवलं आणि १९९९ मध्ये दाखवून दिलं की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात. त्यावरूनच २०११ पासून देशभर आशाताईंच्या भेटी ठरल्या: दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. माझ्या इथल्या बाईचं काम आणि आशाताईचं काम जवळपास एकच आहे. फरक एवढाच, की इथली बाई तासांचा पगार घेते आणि आमची आशा कामागणिक मोबदला घेऊन मानधनासाठी मोर्चे काढते. आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या बाबतीत आशाताई गावात, बाळ कारखान्यावर. त्या कारखान्याच्या काट्यावर उसाची प्रत्येक गाडी तोलली जाते, पण तिथल्या कोपीतल्या बाळाला तोलायला कुणी येत नाही.

म्हणून माझं मागणं वहिनीच्या डब्याबद्दल नाही, तो डबा भाऊ परत ठेवून देईल. गाळप परवाना देताना साखर आयुक्तांनी कारखान्याला अट घालावी: वस्तीवर बाळं तोलायची आणि पाजायची जागा, त्या भागातल्या आशाताईचा हंगामापुरता पगार, आणि आईजवळचं माता-बाल कार्ड कुठल्याही जिल्ह्यात चालेल अशी नोंद. बाळंतिणीला सहा महिने खाडा नाही, आणि तिच्या वाटची मजुरी ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं द्यावी. परळीपासून शिरूर कासारपर्यंतच्या आमदारांना निवडणुकीत याबद्दल कुणी प्रश्न विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. मुकादम उचल वाटायला येतील, त्याच्या आधी तो विचारला जायला हवा.