चर्च पाडायचा ठराव करण्याआधी

मंडळीतल्या सगळ्यांना जय ख्रिस्त, आणि गावातल्या बाकी सगळ्यांना नमस्कार. पोस्ट लांब आहे. पण येत्या रविवारी उपासना सुटल्यावर सभा आहे, तिला येण्याआधी कृपा करून पूर्ण वाचा. सभेपुढे विषय एकच आहे, जुनं चर्च पाडून त्या जागी स्लॅबचं नवं बांधायचं का. माझं मत आहे की पाडू नये, दुरुस्त करावं. का, ते सविस्तर सांगते.

आधी इमारतीचं बोलू. "ते आता धोक्याचं झालं" हे वाक्य गावात इतके दिवस फिरतंय की न पाहताच सगळ्यांना पटलंय. दक्षिणेच्या भिंतीला तडा आहे, खरं आहे. खालच्या तीन-चार फुटांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि आतल्या विटेची भुकटी होते, तेही खरं आहे. पण हे वयामुळे झालेलं नाही. आपलं चर्च काळ्या दगडाच्या जोत्यावर, विटा आणि चुन्यात उभं आहे, भिंती दीड हात जाड. चुना पावसाळ्यात ओल धरतो आणि ऊन पडलं की सोडून देतो. मधल्या काळात कुणीतरी अगदी चांगल्या मनानं देणगी दिली आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. तिथून दुखणं सुरू झालं. जमिनीतून चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाटच उरली नाही. ती क्षार घेऊन विटेतच साचते, आणि वीट आतून फुटते. जुन्या वाड्यांची कामं करणारे एक गवंडी दादा मागं येऊन पाहून गेले. त्यांनी वेदीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं सिमेंट लागलेलं नाही, तिथं खिळ्यानं भिंत खरवडून दाखवली. आतला चुना अजून दगडासारखा टणक आहे. दोन हातांवर सिमेंट लागलेल्या भागात तोच खिळा बोटाच्या जोरानं आत गेला. भिंत तीच, बांधणारे हात तेच, फरक वरच्या गिलाव्याचा.

तड्याचं कारणही आपण कास्तकारांना कुणी शिकवायला नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चर्चच्या दक्षिणेची नाली बुजलेली आहे, छपराचं सगळं पाणी तिथं जोत्याशीच मुरतं. एका बाजूची माती भिजून फुगते, दुसरीकडची कोरडी राहते, मग भिंत तडकणारच. नाली मोकळी करा, जोत्याभोवती बाहेरच्या उताराची फरशी बसवा, तड्यावर काचेची पट्टी चुन्यात पक्की करून वर्षभर पाहा. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे, तेव्हा पुढचं बोलू. नाही फुटली तर तडा चुन्यानं भरून घ्यायचा. एवढी साधी तपासणीही न करता "पाडा" म्हणणाऱ्या सल्ल्यावर आपण शंभर वर्षांहून जुनी वास्तू सोडून देणार का?

छपराचं तर मला फार वाईट वाटतं. सागवानी कैच्या आहेत, वर मंगळुरी कवेलू. हे कवेलू करण्याचा पहिला कारखाना स्वित्झर्लंडच्या बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळुरात काढला, आणि तिथून ते देशभर स्टेशनांवर, शाळांवर, चर्चांवर चढले. आमच्या लहानपणी मृगाआधी कवेलू फेरणारे यायचे. वानरांनी फोडलेले बदलायचे, सरकलेले बसवायचे, दोन दिवसांत काम आटपायचं. आता फेरणारे मिळत नाहीत म्हणून आपण ते सोडूनच दिलं. पाणी गळतं, दोन लाकडं कुजली, आणि आपण म्हणतो छप्पर गेलं. छप्पर गेलेलं नाही, दोन लाकडं गेलीत.

आणि उन्हाळा आठवा. वैशाखात पारा पंचेचाळीसवर जातो, भारनियमनात पंखे बंद पडतात, तरी त्या उंच छपराखाली, वरच्या झरोक्यांतून गरम हवा निघून जात असताना, म्हातारी माणसं दीड-दोन तास सतरंजीवर बसू शकतात. उत्तम शुक्रवारची सात शब्दांची उपासना, म्हणजे क्रुसावर येशू जी सात वाक्यं बोलला त्यांची, दुपारी बारा ते तीन चालते. ती स्लॅबखाली, वीज नसताना, करून पाहा.

आता या चर्चचा इतिहास. स्कॉटलंडहून मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, गोंडी गाणी आणि कथा लिहून घेतल्या, या भागातले खडक आणि जीवाश्म गोळा केले. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडून गेले. नागपूरच्या कॉलेजाला त्यांचं नाव आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते आपल्या इतक्या जवळ गेले हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांच्यामागून आलेल्या माणसांनी खेड्यापाड्यांत काम नेलं. मग 1896-97 आणि 1899-1900 चे ते दोन दुष्काळ. आमच्या पणजीला कुणीतरी मिशनच्या दाराशी आणून सोडलं ते त्या दिवसांत. तिला स्वतःचं गाव आठवत नव्हतं, आई आठवत होती. या गावातल्या निम्म्या ख्रिस्ती घरांची गोष्ट अशीच सुरू होते. आणि ज्यांची अशी सुरू होत नाही, त्यांच्या आज्यांनी याच चर्चच्या पडवीत पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं, तेव्हा गावात मुलींची दुसरी शाळाच नव्हती.

माझे आजोबा सांगायचे, चर्चचा चुना मळायला जी घाणी होती ती ओढणारे बैल पाटलांच्या वाड्यावरून यायचे. सागवान बंडीवर लादून आणणारे गडी गोंड होते. दगड घडवणारे वडार होते. बांधणाऱ्यांत ख्रिस्ती किती होते? फार थोडे. म्हणून हा ठराव फक्त मंडळीच्या पंचायतीचा नाही असं मी मानते. कागदावर मालमत्ता ट्रस्टची आहे, परवानगी त्यांचीच लागेल, ते योग्यच आहे. पण गावाला विचारायला कुठला नियम आडवा येतो?

परवा आमच्या गल्लीतल्या एका बुढीनं मला वाटेत थांबवून विचारलं, "काहून पाडता वो बाई? आमाले कोन्ती घंटा आयकू येईन मंग?" ती बुढी कधी उपासनेला आलेली नाही. पण रविवारच्या पहिल्या घंटेवर ती चूल पेटवते, आणि अवेळी घंटा वाजली की कोण गेलं ते विचारायला दाराशी येते. निंदायला गेलेल्या बायाही वावरात हात थांबवून ऐकतात. मयताला या गावात घंटा सगळ्यांसाठी थांबून थांबून वाजते, ख्रिस्ती असो नसो, कुणी निरोप पाठवला की वाजते. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. नव्या आराखड्यात घंटेची जागाच दाखवलेली नाही, स्पीकर दाखवलाय.

आणि आपला उपकारस्तुतीचा सण! ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी लिहिते. पीक घरात आलं की पहिल्या उत्पन्नातला वाटा वेदीपुढं आणून ठेवायचा. कापसाचं बोचकं, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, कोहळं, वांग्यांची टोपली, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. प्रार्थना झाली की बाहेर निंबाखाली लिलाव. "बोला भाऊ बोला, शंभर एक, शंभर दोन..." वांग्यांची टोपली एकानं घ्यायची, पैसे मोजायचे आणि टोपली परत लिलावात ठेवायची. मग दुसऱ्यानं घ्यायची. एकच टोपली तीन-चार वेळा विकली जाते, आणि शेवटी पाळकसाहेब ती गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीच्या घरी पोचवतात. बोली लावायला कोण असतं? विहारातली मुलं, दर्ग्याजवळचे चाचा, सरपंच, शाळेचे गुरुजी. मागच्या दुष्काळी साली लोकांकडे आणायला फार काही नव्हतं. एका बाईनं पदरात बांधून मूठभर तीळ आणले आणि ते सगळ्यात जास्त भावाला गेले. घेणारा ख्रिस्ती नव्हता.

नाताळच्या फेरीचंही तसंच. ढोलक, टाळ, पेटी घेऊन रात्रभर घरोघर जायचं आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंग सोडले नाहीत. म्हणून आपली भजनं पारावरच्या भजनी मंडळालाही पाठ आहेत, आणि टाळकरी कमी पडले तर त्यांचे येतात. चहा सगळ्यात आधी पाटलांच्या ओसरीवर मिळतो, करंज्या शेवटी आमच्या घरी.

नवं बांधा म्हणणाऱ्यांचं काही चुकतंय असं नाही. तरुण संघाची मागणी बरोबर आहे. लग्नाला मांडव घालावा लागतो, प्रीतिभोजनाला स्वयंपाकाची जागा नाही, बायांसाठी स्वच्छतागृह नाही, आणि ही शेवटची गोष्ट खरोखर लाजिरवाणी आहे. हॉल पाहिजेच. पण त्यासाठी मिशन शाळेची पडकी खोली जिथं आहे ती जागा रिकामीच पडली आहे. तिथं बांधा, साधा बांधा, स्वच्छतागृहापासून सुरुवात करा. एकासाठी दुसरं पाडायची गरज नाही.

कुणी म्हणतं मंडळीच आटली, कुणासाठी जपायचं. हो, आटली. पोरं नागपूर-पुण्याला गेली, मुली नर्सिंगला गेल्या, मिशनची कामं बंद पडली. पण जातात ते नाताळला येतात, लेकरांचा बाप्तिस्मा इथंच करतात, आणि माती द्यायला याच कबरस्तानात आणतात. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा आपल्या गावातून माणसं बंडीनं स्टेशनपर्यंत आणि पुढं रेल्वेनं गेली होती. त्यांनी परत येऊन पहिली उपासना याच छपराखाली केली. त्यांची नावं कपाटातल्या वह्यांत आहेत, बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, मयतांच्या. त्या वह्यांना वाळवी लागते आहे. सभेत इमारतीचं काहीही ठरो, वह्यांची पानंपानं स्कॅन करून घेणं याच महिन्यात व्हायला पाहिजे. जुन्या नोंदीसाठी लोक अजून तालुक्याहून येतात, आणि एक पान गेलं तर एखाद्या घराचा एकुलता एक पुरावा जातो.

आपलं चर्च सरकारच्या कुठल्या यादीत नाही. त्यामुळे कुणी अधिकारी येऊन थांबवणार नाही, आणि कुणी निधीही देणार नाही. सभेत मी मांडणार आहे ते असं. पाडायचा ठराव एक वर्ष पुढं ढकलावा. या पावसाळ्याआधी नाली, उताराची फरशी आणि फुटके कवेलू एवढं करून घ्यावं. तड्यावर काच बसवावी. चुन्याचं काम जाणणाऱ्या माणसाकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागवावं आणि ते नव्या बांधकामाच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवून सगळ्यांना वाचून दाखवावं. मगच हात वर करायला सांगावं.

महिला मंडळानं यंदाच्या लिलावाचे पैसे कवेलूंसाठी द्यायचं कबूल केलंय. दोन सागवानी लाकडांची सोय एका शेतकरी भावानं स्वतःहून सांगितली आहे, त्यांच्या धुऱ्यावरची झाडं आहेत, तोडीची परवानगी तेवढी काढावी लागेल. चुना भिजत घालायला टाकं लागेल, ते आमच्या वाड्यात आहे. काही आठवडे चुना मुरावा लागतो, म्हणजे होळीच्या आत सुरुवात झाली तरच काम मृगाआधी आटपेल. बाहेरगावी राहणाऱ्यांना येणं जमत नसेल तर त्यांनी आपलं मत घरच्यांकडे लिहून पाठवावं, मी सभेत वाचून दाखवीन, माझ्या विरोधातलं असलं तरी. उपासना साडेनऊला आहे, सभा त्यानंतर लगेच, निंबाखाली. गावातल्या ज्यांना यायचंय त्यांनी बेलाशक यावं.